दह्याचा टायर

देवासमध्ये ज्याच्या सायकलच्या टायरला माझ्या साडूंचा अंगठा लागलेला नाही, असा माणूस एक तर पायी फिरणारा असावा, नाही तर कालच बदलून आलेला. भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल दिसली की साडूंची पावलं आपोआप तिकडे वळतात. सायकल दूधवाल्याची असो, पोस्टमनची असो, नाही तर शिवणाच्या क्लासला आलेल्या बाईंची असो, ते वाकतात, टायर अंगठ्यानं दाबतात आणि वैद्यानं नाडी बघून हलवावी तशी मान हलवतात. बहुतेक वेळा ती नाराजीनंच हलते. 'दगड आहे भिया, दगड,' असं पुटपुटत ते पुढे निघतात. नात्यातल्या एका लग्नात वरात दारात येऊन उभी राहिली, सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि साडू त्याच्या मोटारीच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. नवरीच्या आत्याला वाटलं, म्हातारबुवांना भोवळ आली. तिनं त्यांना हाताला धरून उठवलं, सावलीत खुर्ची दिली आणि वर लिंबाचं सरबत पाजलं. साडूंनी ते मुकाट्यानं प्यायलं, कारण तोवर त्यांची मागची दोन चाकं तपासून झाली होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही धारला, ते देवासला. दोघांचीही घराणी मराठ्यांच्या फौजांमागून दप्तरं सांभाळत माळव्यात आली आणि इथलीच झाली. त्यामुळे साडू पूजेला बसले की त्यांच्या तोंडी जुनी सोवळ्यातली मराठी येते आणि जोडे घालून रस्त्यावर आले की दुसऱ्या वाक्याला 'भैया'चं झालेलं 'भिया'. जन्मभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. अंगानं काटकुळे, उंच, आणि डोळे असे की समोरच्याकडे बघतानाही लांबचा एखादा रस्ता बघत असावेत. त्यांना वर्गात फळ्याकडे तोंड करून तंद्रीत उभं राहिलेलं अनेकांनी पाहिलेलं आहे. मुलांना वाटे सर गणित सोडवताहेत. सर त्या वेळी मनातल्या मनात सायकलवरून कुठल्या तरी गावाला निघालेले असत.

त्यांचं तत्त्वज्ञान थोडक्यात सांगणं कठीण आहे, कारण ते स्वतः कधी थोडक्यात सांगत नाहीत. मी इतक्या वर्षांत गोळा केलेलं सार एवढंच की टायर रुंद हवा, त्याचं कापड पातळ आणि लवचीक हवं, आणि हवा बेताची हवी. लोक अरुंद टायर घेतात, त्यात पंपाचा दांडा खाली जाईनासा होईपर्यंत हवा कोंबतात, मग सायकल खडखडते, दात वाजतात आणि त्यांना वाटतं आपण सुसाट चाललो. 'थरथरीला लोक वेग समजतात,' साडू म्हणतात. 'आपल्या सासऱ्यांसारखं. पहाटेपासून घरभर धावपळ, आणि दुपार झाली तरी आंघोळ नाही.' हे सिद्ध करायला त्यांनी एकदा मला भाड्याच्या अरुंद टायरच्या सायकलवर बसवलं आणि देवासच्या देवीच्या टेकडीमागच्या खडबडीत उतारावरून दोघांनी पायडल न मारता सुटायचं असं ठरलं. माझं वजन त्यांच्या दीडपट, तेव्हा उताराला जिंकणार मीच अशी माझी खात्री होती. मी हाडं मोजत, जीभ चावत खाली येत होतो, तोच साडू शेजारून पुढे गेले. ताठ बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, तोंडात कसलासा अभंग. मी थांबलो त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन ते एका निंबाखाली माझी वाट बघत होते आणि जिंकल्याचं त्यांना भानही नव्हतं. निंबाला मोहर आलाय, वास येतोय का, एवढंच त्यांनी विचारलं.

टायर म्हणजे मुळात कापड, रबर हे त्यावर चोपडलेलं तूप, हे त्यांचं दुसरं सूत्र. सूत जेवढं बारीक तेवढा टायर मऊ, आणि मऊ टायर खड्ड्याला सामावून घेतो. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही सगळे धामनोदवरून महेश्वरला गेलो होतो. दुकानदारानं एक हलकी, पाण्यासारखी घरंगळणारी साडी पसरली. बायका रंगावर बोलत होत्या आणि साडूंनी पदराचं टोक दोन बोटांत धरून चुरगाळलं, सोडलं, परत चुरगाळलं. सुताची चौकशी केली, ताण्याबाण्याची केली. दुकानदार भारावला आणि असं पारखी गिऱ्हाईक हल्ली भेटत नाही म्हणाला. साडूंनी साडी गालाला लावली आणि स्वप्नात बोलावं तसे बोलले, 'याचा टायर निघाला तर काय बहार येईल.' ती साडी मग मुलीनं घेतली नाही.

मऊ टायर काट्याशी भांडत नाही, त्याला अंगाखाली घेऊन निजवतो, असाही त्यांचा दावा आहे. याच भरवशावर ते सायकलनं थेट नेमावरला नर्मदेच्या स्नानाला जाऊन आले, आणि खरंच, बाभळीच्या त्या मुलुखातून जाऊन त्यांचं चाक शाबूत राहिलं. परतल्यावर मात्र घराच्या वळणावरच काटा घुसला. साडूंनी तो उपसला, उन्हात धरून निरखला आणि हा काटा फार हट्टी होता असा निर्वाळा देऊन खिशात ठेवला.

आता हे सगळं एखाद्या सुखवस्तू पेन्शनराचं खूळ म्हणून सोडून देता आलं असतं, आणि आम्ही बरीच वर्षं तसंच सोडून दिलंही. पण गेल्या काही वर्षांत त्या खुळाला एकच पत्ता लागला होता, आणि तो होता ताईंच्या पाठीचा. ताई म्हणजे त्यांची बायको, नात्यानं माझी अक्कडसासू. रिक्षातून बाजाराला जाताना चाक खड्ड्यात आदळलं आणि ताईंचा मणका दुखावला. औषधं झाली, पट्टे झाले, केरळचं तेल झालं. चालणं थोडं जमे, पण गाडीत बसलं की प्रत्येक धक्का मस्तकात जाई. ताईंनी घराबाहेर पडणंच सोडलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांची झोप गेली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, आणि दिवसा डोळा लागावा तर कळ येई. दर वर्षी शाकंभरीच्या नवरात्रात टेकडीवरच्या दोन्ही देवींची ओटी भरायची, हा त्यांच्या सासरचा कुळाचार. तोही राहिला. ताई कधी रडल्या नाहीत, पण ते दिवस आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. साडूंनी तेव्हा मनाशी ठरवलं की हिला टेकडीच्या पायथ्यापर्यंत आपण सायकलवरून नेऊ, वर मग रोप-वे आहेच. पण असं नेऊ, की हिला रस्ता आहे हेच कळू नये.

मग दह्याचे प्रयोग सुरू झाले. कोमट दुधाला विरजण लावून ते पातेलं साडू सायकलच्या कॅरिअरला बांधत आणि दही लागेपर्यंत देवासच्या गल्ल्यांतून हिंडत. पहिल्या टायरवर ताक झालं. दुसरा टायर इंदूरहून आणला, तो जाड रबराचा निघाला. त्यावर दही लागलं खरं, पण सगळं चिरा पडलेलं आणि पाणी सुटलेलं. तिसरा पुण्याहून पुतण्यानं पाठवला. तो एवढा रुंद होता की चाक चिमट्यात बसेना, तेव्हा वेल्डरकडून चिमटाच बदलून घेतला. हवा थोडी कमी करायची, फेरी मारायची, झाकण उघडून बघायचं, परत हवा थोडी कमी करायची. गल्लीतल्या बायका त्यांच्या टायरना नावानं ओळखू लागल्या, हा ताकाचा, हा पाण्याचा. घरात इतकी कढी झाली की मोलकरणीनं कढी नेणं बंद केलं. आणि शेवटी एका सकाळी साडू ते पातेलं दोन्ही हातांत धरून, देव्हाऱ्यापाशी नैवेद्य नेतात तशा चालीनं आत आले. वर सायसुद्धा हललेली नव्हती. सुरीनं कापावी तशी वडी पडली.

ताईंनी पडल्या पडल्या एक चमचा चाखला. 'दही छान लागलंय,' त्या म्हणाल्या. 'पण मी दही नाही.'

हे मला माझ्या बायकोनं फोनवरून ऐकलेलं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ती मात्र हसली नाही. ताईला भीती वाटते, ती म्हणाली. कळेची भीती आहेच, पण आणखीही एक आहे. एवढं सगळं करून जर जमलं नाही, तर त्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं, याची जास्त आहे. मग मीही हसायचा थांबलो. साडूंना दुसरा काही उद्योग नव्हता आणि ताईंना दुसरी काही आशा नव्हती, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

शेवटी ताई हो म्हणाल्या. साडूंनी कॅरिअरच्या जागी पाठ आणि हात असलेली खुर्चीच बसवून घेतली, वर कापसाची गादी घातली. आम्ही आदल्या संध्याकाळी धारहून गेलो. सकाळी गार वाऱ्यात ताई ओटीचं ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या, हिरवं लुगडं, अंगावर शाल, आणि चेहरा दात काढायला निघालेल्या माणसाचा. साडू सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून येत होते, साखळीला तेल द्यायला ती रात्री तिथे ठेवली होती. पंक्चरवाला मागोमाग आला, हात पुसत, आनंदानं फुललेला. आज काय आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

'सरजी, दोनों में हवा एकदम कम थी,' तो म्हणाला. 'मैंने फुल टाइट कर दी. माताजी को ले जा रिये हो, पैसे नी लूँगा.'

साडूंनी अंगठा लावला. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. इतक्या महिन्यांची ती कमावलेली हवा एका प्रेमळ माणसानं रात्रीतून दगड करून ठेवली होती. मला वाटलं आता साडू तिथेच खाली बसतात. पण त्यांनी पंक्चरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, 'बहुत अच्छा किया भिया' म्हणाले, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून सायकल ढकलत गल्लीच्या वळणापलीकडे गेले. तिकडून बराच वेळ सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येत राहिला. मधे थांबे, परत येई. ताई पायरीवर बसून ऐकत होत्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या हसल्या.

मग साडूंनी ताईंना खुर्चीत बसवलं, शालीचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं, आणि ती गाठ बघून माझ्या बायकोनं एकदा मंगलाष्टकं म्हणू का म्हणून विचारून घेतलं. आम्ही दोघं मोटारीनं पुढे जाऊन टेकडीच्या पायथ्याशी फुलवालीच्या शेजारी उभे राहिलो. घर काही लांब नाही. पण सायकल येईना. माझ्या बायकोनं हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी केली. धक्का बसला असेल, अर्ध्यातून परत गेली असेल, ती म्हणत राहिली. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि मग ते वळणावर दिसले. इतके सावकाश, की चाकांपेक्षा सावलीच पुढे सरकत असावी. ताईंची मान पुढे झुकली होती, कपाळ साडूंच्या पाठीला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. माझी बायको घाबरून पुढे धावणार, तोच साडूंनी हँडलवरचं एक बोट उचलून ओठांवर ठेवलं. ताई झोपल्या होत्या. दिवसाउजेडी, भर रस्त्यात, ओटीच्या ताटावर दोन्ही हात ठेवून त्या गाढ झोपल्या होत्या. साडू आमच्यासमोरून, रोप-वेच्या दारासमोरून, न थांबता तसेच पुढे निघून गेले.

ते टेकडीला वळसा घालून परत आले आणि परत गेले. थांबलं की ती जागी होईल, म्हणून ते थांबत नव्हते. त्यांच्या सदऱ्याला त्या थंडीतही घाम फुटला होता. वय सत्तरीकडे झुकलेलं, मागे माणसाचं वजन, आणि पायडलवर पाय असा, जणू कुणाच्या अंगावर पांघरूण घालताहेत. एक रिक्षावाला मागून भोंगा वाजवणार, एवढ्यात फुलवालीनं त्याला दरडावलं, 'धीरे निकल रे, बाई सो री है.' रिक्षा खरंच धीरे निघाली. माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. कुणासाठी आपण आयुष्यात इतकं हळू गेलो आहोत का, असा विचार मनात आला आणि मला बरं वाटलं नाही.

ऊन वर आलं. पुन्हा एकदा ते वळणावरून आले तेव्हा ताईंची मान हलली. डोळे न उघडताच, झोपेनं जड झालेल्या आवाजात त्यांनी विचारलेलं आम्हांला स्पष्ट ऐकू आलं.

'आलं का हो देऊळ?'

साडूंनी आमच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

'नाही गं,' ते म्हणाले. 'आत्ताच तर निघालोय. नीज तू.'

आणि देवीच्या दारासमोरूनच ते पुढे गेले.