तिले बोलू दे

"थांब गा, तिले बोलू दे."

असं म्हणून मिस्त्री दोन फुटी पेचकसाचं टोक चालत्या मशीनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. अकोल्याच्या आमच्या कारखान्यात दालमिलच्या मशीन बनत. त्यांच्या कानाने पास केल्याशिवाय एकही मशीन ट्रकवर चढत नसे. असा एखादा तिरसट माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्यापुढे मालकसुद्धा गप्प बसतो.

मी तिथे कम्प्युटर सांभाळायचो. मालकांना परदेशाचे वेध लागले तेव्हा वेबसाइट, ई-मेल, व्हिडिओ कॉल सगळं माझ्या गळ्यात पडलं. मिस्त्री चिडवायचे, "तुह्या डब्यातून तुरीचा वास येते का? मंग कायचा धंदा करून राहिला?" पण पहिली मशीन टांझानियाला निघाली तेव्हा तिला हार त्यांनीच घातला. खोक्यावरचा पत्ता माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

चार महिन्यांनी तिकडच्या गुजराती गिरणीवाल्याचा फोन आला. डाळ तुटतेय म्हणाला. मशीन सुधारली तर आणखी सहा घेणार, नाही तर हीही परत.

मी कॉल लावून दिला. मिस्त्रींनी हेडफोन कानांवर दाबले. पडद्यावर मशीन फिरताना दिसत होती.

"तिले बोलू दे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मशीन चालू हाये ना गा? त्या मानसाचं बोलनं येते. तिचा आवाजच नाही येत."

हेडफोन एकदा माझ्या कानाला लावून पाहायला हवे होते. मला पुढच्या कॉलची घाई होती. मी हसत म्हणालो, "वय झालं मिस्त्री, कान तपासून घ्या."

ते हसले नाहीत. अंदाजाने म्हणाले, "बेअरिंग बदला." बेअरिंगमध्ये काहीच बिघाड नव्हता. मशीन परत आली आणि सहांचं नावही पुन्हा निघालं नाही. त्यानंतर मिस्त्रींनी पेचकस कानाला लावला नाही. दिवाळीला ते पातूरला, घरी गेले ते कायमचे.

पुढे मला कळलं की व्हिडिओ कॉलचं ते ॲप माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं आणि मागची एकसारखी घरघर गाळून टाकतं. ते गाळणं बंद करायला एक क्लिक पुरते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्यासाठीच मला पगार होता.

सांगायला पातूरला गेलो, तर मिस्त्रींना जाऊन तेरा दिवस झाले होते. अंगणात टमाट्याच्या रोपाला आधार म्हणून त्यांचा पेचकस रोवला होता.

मिस्त्रींच्या बायकोने, काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "ऐकू तं सारं येत होतं त्याईले, भाऊ. मी घरातून हळू बोलली तरी वट्यावरून जवाब देत. मंग कान गेले, कान गेले, काहून म्हनत होते?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी चहा संपवला.

"वय झालं होतं ना, काकू," मी म्हणालो.