वॉचमनमामांचा सत्कार

मी चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाला आणि वेड्यावाकड्या अक्षराला माफी असावी.

कुंभारीजवळच्या वॉटर पार्कात मी पोहायचे कपडे भाड्याने देते. तिथल्या वॉचमनमामांकडे काठी नाही की शिट्टी नाही. त्यांच्या खुर्चीखाली एक सोलापुरी टॉवेल आणि एक नारळ असतो. कुणी दारू पिऊन दंगा केला, की मामा त्याचा सत्कार करतात. खांद्यावर टॉवेल पडला, की माणूस आपोआप हात जोडतो. जोडलेल्या हातांनी मारणार कसा? मग मामा टाळ्या वाजवत त्याला गेटाबाहेर नेतात आणि टॉवेल-नारळ काढून घेतात.

रविवारी एका दांडगटाने भाड्याचे कपडे फाडले, म्हणून मी त्याच्याकडे भरपाई मागितली. त्याने उलट माझ्या गल्ल्यातल्याच सगळ्या नोटा खिशात कोंबल्या. तेवढे पैसे माझ्या पगारातून कापले जाणार, म्हणून मी मामांना हाक मारली.

मामा सावकाश आले. "पाव्हणं, जरा सरळ उभं ऱ्हावा की. सत्कार हाय."

"माझा?" म्हणत तो ओले केस बसवू लागला.

टॉवेल पडला, नारळ दिला. पाण्यातली माणसं टाळ्या वाजवू लागली.

"आता दोन शब्द बोला," मामा म्हणाले. "आन देणगी जाहीर करा, लोकं बघायल्यात."

त्याने घसा साफ केला, सर्वांचे आभार मानले आणि खिशातल्या नोटा माझ्या हातात ठेवल्या. मी मोजल्या. पुरत्या भरल्या. वर त्याने स्वतःचा एक रुपया ठेवला, कारण देणगी शून्यावर संपवत नाहीत.