कात्रीमावशीचं मशीन

कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईला गिऱ्हाइकं तोंडावर मावशी म्हणत आणि पाठ वळली की कात्री. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दुसरं तिला जास्त आवडायचं. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळकांडी. पुढे काउंटर, मागे मशीन आणि मशीनमागे मावशी, अशी की आत येणाऱ्याला आधी चष्म्यावरून रोखलेले डोळेच दिसावेत. पँटची चेन बदलायला कुणी आला की ती त्याच्या पोटाबद्दल बोलायची. नव्या कोटाच्या बाह्या आखूड करायला आणल्या, तर "घेताना दुकानात आरसा नव्हता वाटतं?" एवढं ऐकून घेतल्याशिवाय कोट परत मिळत नसे. तरी लोक येत, कारण तिने घातलेली टीप उसवत नसे.

जगातलं फारसं काही तिला पटत नव्हतंच, पण सगळ्यात जास्त राग होता तो मशीन बनवणाऱ्या कंपनीवर. तिचं जुनं बिडाचं मशीन मोडीत निघालं, तेव्हा तिने त्याच कंपनीचं नवं घेतलं होतं. नवं म्हणजे प्लास्टिकचं अंग आणि त्यावर फुलांची चित्रं. जाड कापड घातलं की ते टेबलावर थयथय नाचायचं आणि दोरा तोडायचं. दुरुस्तीवाला यायचा, तेल सोडायचा, "आता बघा" म्हणायचा आणि त्याची पाठ फिरली की मशीन पुन्हा नाचायला लागायचं. शेवटी एका सकाळी दुकानाला कुलूप लावून मावशी थेट कंपनीत जाऊन धडकली. दारातल्या मुलीने तक्रारपेटीकडे बोट दाखवलं.

"पेटीला कान आहेत का?" मावशीने असा आवाज लावला की आतल्या काचेच्या खोलीतून नव्या मॉडेलचं काम बघणारा साहेब बाहेर आला. टाय नीटनेटका, बूट चकचकीत. मावशीच्या भाषेत टायवाला. तिला वाटलं, आता हा हाकलणार. त्याने खुर्ची पुढे केली.

"मावशी, आम्ही तुमच्यासारख्याच माणसाच्या शोधात होतो," तो म्हणाला.

हे वाक्य तिला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात बैठक भरली. घरी शिवणकाम करणाऱ्या काही बायका बोलावल्या होत्या. भिंतीवर भलामोठा तक्ता होता, आणि तो दाखवताना टायवाल्याचा चेहरा नवरदेवासारखा खुलला होता.

"डावीकडे तुमचे शब्द, जसेच्या तसे. वरच्या ओळीत आमच्या इंजिनियरांची मापं, म्हणजे वजन, मोटर, दोऱ्याचा ताण. मधल्या चौकटींत कशाचा कशाशी किती संबंध ते लिहायचं. दाट असेल तर नऊ, बेताचा तीन, नावापुरता एक. आणि हे तिरकं छप्पर. एक माप सुधारलं की दुसरं कुठे बिघडतं, ते इथे कळतं. याला गुणवत्तेचं घर म्हणतात. पद्धतीचं नाव क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट."

"नाव घेतानाच दोरा तुटला," मावशी म्हणाली. "आणि घराला छप्पर दिसतंय, दार कुठंय?"

सगळ्या हसल्या. टायवाला सगळ्यांहून जास्त हसला आणि तिथेच तो घसरला. त्या दिवसापासून मावशी बोलली की तो लिहू लागला.

प्रत्येकीने आपल्या मागण्यांना एक ते पाच गुण द्यायचे होते. मावशीने सगळीकडे पाच दिले. मशीन हलायला नको, पाच. जाड कापडातून सुई लोण्यातून जावी तशी गेली पाहिजे, पाच. फुलं नकोत, पाच. पडदे शिवणारी एक बाई चाचरत म्हणाली, "वजन जरा कमी असतं तर बरं झालं असतं. आमचं जेवणाचं टेबल आणि शिवणाचं टेबल एकच. दर जेवणाला मशीन उतरवा, पुन्हा चढवा."

"पडदे ना?" मावशी म्हणाली. "इथून तिथे सरळ रेघ. याला शिवणकाम म्हणतात होय? आणि हलकं हवं असेल तर सुई-दोरा घे की. पर्समध्ये मावतो."

पडदेवालीचे कान लाल झाले. पुढच्या बैठकीला ती आली नाही. मग आणखी एक यायची थांबली, मग उरलेल्याही. टायवाल्याने एकदा विचारलं, "तुमच्या घरी आणखी कोणी शिवतं का हो?"

"लेक शिवते. मीच शिकवलंय. पण तिला कशाला विचारताय? तिचं काय असेल ते मी सांगते ना."

त्याने मान डोलावली. छपरावर वजन आणि थरथर यांच्या चौकटीत त्याने स्वतःच्याच हाताने फुली मारलेली होती. हे कमी केलंत तर ते वाढेल, तेव्हा इथे थांबा आणि नीट विचार करा, असा त्या फुलीचा अर्थ. पण थांबायला वेळ कुणाला होता? वरच्या साहेबांना तक्ता दाखवायचा होता. ज्या बायका येत नव्हत्या त्यांच्या मागण्यांचे गुण खाली आले, जी हजर होती तिचे पाचावरच राहिले. गुणाकार झाला आणि वजनाचा प्रश्न मिटला. गणित अगदी चोख होतं. कोण रुसून घरी बसलंय, हे काही गणिताला कळत नाही.

मावशी मात्र फुगत चालली होती. "आमच्या नव्या मॉडेलमध्ये," असं ती आता गिऱ्हाइकांना ऐकवायची. पूर्वी ज्या कंपनीच्या नावाने बोटं मोडायची, तिचं ओळखपत्र गळ्यात घालून ती भाजी आणायला जायची.

मशीन तयार झालं. बिडाचा पाया, धातूचं अंग, फुलं नाहीत. मावशीने ते चालवून पाहिलं. घडी घातलेली जीन्ससुद्धा त्याखालून मुकाट्याने गेली. कंपनीने तिला दोन मशीनं भेट दिली. एक तिने दुकानात ठेवलं, दुसरं टेम्पोत घालून लेकीकडे पाठवलं.

बऱ्याच दिवसांनी ती लेकीकडे गेली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तान्हं मूल, जावई कामावर गेलेला. मशीन दारामागे जमिनीवर होतं आणि त्यावर बाळाच्या दुपट्यांची चळत रचलेली.

"हे काय? वापरत नाहीस?"

"उचलत नाही गं आई. टेबलावर ठेवायला दर वेळी ह्यांना हाक मारायची. त्यात ते सुरू केलं की बाळ दचकून उठतं."

"मग सांगायचं नाही?"

"तू इतक्या कौतुकाने पाठवलंस."

मावशी पाणीही न पिता उठली आणि तडक कंपनीत गेली. टायवाला काचेच्या खोलीत होता, पण टाय सैल झालेला. शिंप्यांच्या दुकानांनी थोडी मशीनं नेली होती. घरगुती गिऱ्हाइकाने एकही नेलं नव्हतं आणि मशीन बनलं होतं घरगुती गिऱ्हाइकासाठी.

"तुम्ही माझं ऐकलंत कशाला?" मावशी दारातूनच कडाडली.

"मावशी, ग्राहकाचा आवाज..."

"मी एकटीच ग्राहक होते? बाकीच्यांच्या घरी का नाही गेलात? मला गप्प बस म्हणायला इथे एकसुद्धा माणूस नव्हता?"

"तुम्हाला?" टायवाल्याने विचारलं.

ती आणखी चिडली. "उठा. चला माझ्या लेकीकडे. आत्ता."

तो निघाला. तसंही त्याला तिथे दुसरं काम उरलं नव्हतं.

लेकीच्या घरी तो खाली सतरंजीवर बसला. या वेळी तक्ता नव्हता. "तुम्हाला मशीन कसं हवं?" त्याने विचारलं. लेकीने आईकडे पाहिलं. मावशीचं तोंड उघडलं होतंच. पण तिने शेजारच्या डबीतल्या मूठभर टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या.

लेकीने मांडीवरच्या दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला शिवायला आवडतच नाही."

टाचण्या थरथरल्या.

"घराला हातभार लागतो म्हणून शिवते. बाळ झोपलं की काय होईल तेवढं, तेही आवाज न करता. झालं की मशीन डोळ्यांसमोर नको वाटतं. उचलावं, कपाटात कोंबावं, दार लावावं. जीन्स वगैरे मी कशाला शिवतेय?"

टायवाल्याने विचारलं, कपाट केवढं आहे. तिने उघडून दाखवलं. तो हाताच्या वितीने माप घेत राहिला. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. लग्नाआधी लेकीला रोज दुकानात बसवून शिवण शिकवली होती तिने, चुकलं की उसवायला लावून. पोरीने कधी हूं की चूं केलं नव्हतं आणि मावशीने त्याला आवड धरलं होतं.

शेवटी तिने टाचण्या काढून डबीत टाकल्या. "हे मी दुकानात नेते," ती मशीनकडे बघून म्हणाली. "एक बाजू धरा."

टायवाल्याने बाही सरसावून एक बाजू धरली. जिन्याच्या पहिल्या वळणावरच त्याला घाम फुटला. इतके महिने ज्या वजनाचा त्याने गुणाकार केला होता, ते आज प्रथमच त्याच्या हातात आलं होतं.

"खरंच जड आहे हो," तो धापा टाकत म्हणाला.

"बोलू नका," मावशी म्हणाली. "पायरी बघा."