निळ्या पत्र्याचं घर

मी पायदळातला निवृत्त हवालदार. सध्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. फौजेतल्या नोकरीची शेवटची दोन वर्षं नियंत्रण रेषेवरच्या ओपीत, म्हणजे निरीक्षण चौकीत काढली. दुर्बिणीतून समोरचं गाव बघायचं आणि दिसेल ते वेळेसकट लॉगबुकात लिहायचं, हे काम. त्या गावातल्या निळ्या पत्र्याच्या घरावर आमची खास नजर होती. पलीकडची फौज घुसखोरांना तिथे मुक्कामाला ठेवते, अशी खबर होती.

त्या दिवशी १५४० वाजता मी लिहिलं, 'निळं घर. गॅलरीत लाल रजई.' पाऊस भुरभुरत होता. माझा जोडीदार नाईक महादेव खोत म्हणाला, "म्हातारी रजई आत घ्यायला विसरली, साहेब. आज गारठणार." आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी ०६१० ला महादेव पाच जवान घेऊन नाल्याकडे उतरला. धुकं होतं. ०६५५ ला रेडिओ वाजला.

"ओपी, कॉन्टॅक्ट. नाल्यात चार जण. ओव्हर."

"रॉजर. आडोसा घ्या. मदत निघाली. ओव्हर."

लगेच पलीकडच्या चौकीची मशीनगन सुरू झाली. घुसखोरांना कव्हर देत होती. ०७४० ला फायर थांबला. चारही घुसखोर मेले. आमचा एकच गेला, महादेव. पलीकडून हॉटलाइनवर उत्तर आलं, ती माणसं आमची नाहीत.

फॅक्टरीच्या स्टाफ बसचा ड्रायव्हर झुल्फिकार पलीकडचा आहे, एवढं मला माहीत होतं. मागच्या महिन्यात गेटवर चहा पिताना त्याने गावाचं नाव सांगितलं. तेच, आमच्या दुर्बिणीतलं. मी निळ्या पत्र्याच्या घराचं विचारलं.

"वो हमारा घर था, साब."

माझं डोकंच फिरलं. "मेहमान रखते थे तुम लोग," मी म्हणालो.

"फ़ौजवाले रखवाते थे. अब्बा ने मना किया तो हाथ तोड़ दिया. फिर अम्मी लाल रजाई डालने लगीं. जिस दिन वो लोग आते, उसी दिन. बारिश में भी. कि आप लोग समझ जाएँ. आपने देखी नहीं?"

बघितली होती. प्रत्येक वेळी लिहिलीही होती.

हा खरं बोलतोय की थापा मारतोय, मला काही कळेना. पलीकडची एखादी बाई आम्हाला सावध करत असेल, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि खरं असेल, तर महादेव माझ्या चुकीने गेला.

महादेव गेला त्या तारखेला मी दरवर्षी सुनंदावहिनींना, त्याच्या बायकोला फोन करतो. यंदा सांगावं की नको, यात चार दिवस गेले. त्या पुन्हा माझ्याशी बोलतील का, हीच भीती होती. शेवटी सगळं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या बाईचं पुढे काय झालं?"

मी विचारलंच नव्हतं.

सकाळी बसमध्ये विचारलं. झुल्फिकार रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाले वाली फ़ायरिंग के बाद, उसी हफ़्ते फ़ौजवाले ले गए. रजाई का पूछने. वापस नहीं आईं."

"नाम?"

"ज़ैतून बी."

माझा त्याच्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. तरी वहिनींना नाव कळवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं. महादेवच्या फोटोपुढे दिवा लावताना त्या आता तिचंही नाव घेतात.