धंद्याच्या जागेचा बोर्ड

अर्जुनी मोरगावात ज्या घरात पावसाळ्यात पलंग इकडून तिकडे सरकवावा लागत नाही, त्या घराचा स्लॅब खुशाल शिवणकरनं टाकला आहे असं बेलाशक समजावं. हे मत खुद्द खुशालचंच, पण ते त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता लोकांनाही ते आपलंच वाटू लागलं होतं. स्लॅब एकदा सुरू झाला की अर्ध्यात थांबू द्यायचा नाही. थांबला की जोड राहतो, जोडातून पाणी गळतं आणि त्या पाण्याबरोबर ठेकेदाराचं नावही वाहून जातं. एवढ्या एका बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. बाकी सगळीकडे तो बायकोचं, शामकलाचं, ऐकायचा.

गेल्या वर्षी कामं वाढली आणि खुशालला जीएसटीचा नंबर घ्यावा लागला. गोंदियाचे करसल्लागार चंद्रकुमार यांनी त्याला लहान धंदेवाल्यांसाठीच्या आपसमेळ योजनेत बसवलं.

"एकदम सीधी स्कीम आहे, खुशालभाऊ. दर महिन्याची झंझट नाही. तीन महिन्यांनी शेकडा सहा भरायचे, तेही आपल्या खिशातून. गिऱ्हाइकाकडून टॅक्स मागायचा नाही. और हाँ, धंद्याच्या जागी दिसेल असा बोर्ड लावा, की मी या स्कीमवाला आहे. नाहीतर चेकिंगमध्ये दंड!"

खिशातून भरण्याचं दुःख खुशालनं गोंदियाच्या स्टेशनवर समोशाबरोबर गिळून टाकलं. बोर्ड मात्र घशात अडकला. धंद्याची जागा म्हणजे कोणती? ऑफिस त्याला नव्हतं. घरी तो जेवायचा, झोपायचा आणि बोलणी खायचा; यातल्या कशालाच धंदा म्हणता आलं नसतं. जिथं स्लॅब, तिथं त्याचा धंदा. म्हणजे बोर्डही तिथंच!

पेंटरनं पत्र्यावर लालभडक अक्षरं काढली : 'आपसमेळ योजनेतील करदाता. कर वसूल करण्यास सक्त मनाई.' खाली 'हुकुमावरून' हा शब्द त्यानं पदरचा टाकला. त्याशिवाय बोर्ड पुरा झाल्याचं समाधान त्याला कधी मिळतच नसे.

बोर्डाचा पहिला मान खताचे दुकानदार उदाराम यांच्या घराला मिळाला. खुशालनं सकाळी सकाळी तो दर्शनी खांबाला लटकवला आणि मिक्सर सुरू केला. अंगणात स्लॅबच्या जेवणासाठी मटणाचं पातेलं चढलं. अर्धा स्लॅब झाला, साठ्यातलं सिमेंट संपत आलं आणि उरलेल्या पोत्यांचा ट्रॅक्टर आला. पण ड्रायव्हर योगराजनं तो कोपऱ्यावरच थांबवला.

खुशाल धावत गेला. "काऊन थांबला रे?"

"घरावर सरकारी बोर्ड हाय. जप्तीच्या घरी पोतं उतरवाचं नाई, असं सिमेंटवाल्या शेठनं सांगून ठेवलं हाय."

"कायची जप्ती?"

तेवढ्यात गलका ऐकून उदाराम बाहेर आले आणि त्यांनी बोर्ड पहिल्यांदा वाचला. "खुशाल! हे काय लटकवलं गा माह्या घरावर? साळा जेवाले येऊन रायला माहा!"

"माहा बोर्ड हाय, काका. नियम हाय सरकारचा."

"मंग तुह्या घरी लाव ना!"

"घरी माहा कोनता धंदा हाय?"

"माऽल!" वरून मिस्त्री ओरडला. मिक्सर रिकामाच खडखडू लागला. वर अर्धा स्लॅब उन्हात वाळू लागला होता. बोर्ड काढावा तर दंड, ठेवावा तर जोड. खुशालच्या डोळ्यांपुढे उदारामांचा पलंग पुढची वीस वर्षं खोलीभर सरकू लागला.

त्यानं खांबाचा बोर्ड उतरवला, भोकांतून बांधायची तार ओवली आणि तो स्वतःच्या गळ्यात घातला. मग तो ट्रॅक्टरपुढे जाऊन उभा राहिला.

"आता सांग, जप्ती कोनाची?"

योगराजनं त्याला खालपासून वरपर्यंत वाचलं. "तुही."

"मंग माह्या डोक्यावर पोतं टाकू नको. काकाच्या घरी टाक!"

योगराज हसला, म्हणजे ट्रॅक्टर हलला. खुशाल छातीवरचा पत्रा वाजवत दिवसभर शिडी चढला-उतरला, आणि स्लॅब बिनजोड पुरा झाला. पंगतीत उदारामांच्या साळ्यानं त्याला कुणी मोठा साहेब समजून मटणाचे निवडक तुकडे वाढले. खुशालनंही त्या गरिबाचा गैरसमज मोडला नाही.

हात धुऊन त्यानं चंद्रकुमारांना फोन लावला. "अरे भाऊ," ते कपाळाला हात लावल्याच्या आवाजात म्हणाले, "नंबर तुमच्या घराच्या पत्त्यावर आहे. घरीच लावा ना!"

संध्याकाळी खुशाल गळ्यातल्या बोर्डासकट दारात उभा राहिला. शामकलानं 'हुकुमावरून'पर्यंत सगळं सावकाश वाचलं.

"जप्ती हाय का कोनाची?"

"लोक म्हंतेत, माही."

"थे तं लग्नातच झाली," असं म्हणून ती आत गेली आणि खिळा-हातोडी घेऊन आली.