दोन्ही गाड्यांत बसलेले आजोबा

आधी माझ्याबद्दल सांगते. जुना जालन्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. ताप आला की गोळी, गोळीनं न्हाई उतरला तर डॉक्टर – माझा विश्वास एवढ्यावरच. कुणी "मॅडम, पोराला दृष्ट लागली" म्हणत आलं तर मी त्याच्या हातात ओआरएसचं पाकीट ठेवते. या सदरातले गूढ अनुभव मी वाचते, पण दुपारी गिऱ्हाईक नसताना, आणि वाचता वाचता लिहिणाऱ्याला मनातल्या मनात झोपेची गोळी लिहून देते. तेव्हा आज हे लिहिताना मला किती लाज वाटून राह्यली असेल ते तुम्हीच समजून घ्या...

माझा धाकटा भाऊ संतोष, आम्ही संतू म्हणतो. तेहतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. अंबड तालुक्यात गावी तो, आई आणि मोसंबीची बाग. आधी तो जालन्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून बागेत उतरला. बाग झकास केली पठ्ठ्यानं, पण स्थळांचं काय? "मुलगा काय करतो?" "शेती." "बरं, कळवतो." हे "कळवतो" ऐकून ऐकून आईचे कान किटले. कळवलं कुणीच न्हाई.

मंग मी एक उद्योग केला. दुकानात बसून त्याचा बायोडाटा स्वतः टाइप केला आणि नोकरीच्या रकान्यात ठोकून दिलं – सुपरवायझर, खाजगी कंपनी, जालना. खोटं म्हणाल तर खोटं न्हाई हो, जुनं. औषधाच्या पाकिटावरची तारीख मी दहा वेळा बघते, इथं मात्र बघितली न्हाई.

"ताई, हे बराबर न्हाई," संतू म्हणाला.

"तू गप बस. आधी पोरगी तर भेटू दे, मंग सांगू सावकाश."

आता हल्ली मुलगी बघायला एकदम घरी जात न्हाईत. घरी गेलं की सगळी गल्ली बघते, आणि जमलं न्हाई की तीच गल्ली वर्षभर विचारत बसते. म्हणून मधल्या जागी भेटायचं – बाग, देवस्थान, तलावाची पाळ. आपण सहज फिरायला आलो आणि सहज गाठ पडली, असं तोंड दोन्हीकडच्यांनी करायचं. त्यामुळं महाशिवरात्रीच्या आधीपासून आमचा दर रविवार सहलीचा. मोती तलाव झाला, अंबडची टेकडी झाली, परतूरकडची आमराई झाली. मी स्टेटसला फुललेल्या पळसाचे फोटो टाकायची. गिऱ्हाईकं म्हणायची, "मॅडम, लई फिरून राह्यलात यंदा!" त्यांना काय सांगू, प्रत्येक पळसामागं एक नकार उभा आहे! कुणाला संतूची उंची कमी वाटली, कुणाला पुण्यात फ्लॅट पाहिजे होता.

होळीच्या आधीच्या रविवारी गाडीत बसताना संतू म्हणाला, "ताई, हा शेवटचा. यानंतर मला कुठं न्यायचं न्हाई. मी माझ्या झाडांसंगं सुखात आहे." हसत म्हणाला. पण आरशात मला त्याचा चेहरा दिसला, त्यावर हसू न्हवतं. गाडी आमचे हे चालवत होते. हे गाडी चालवतात आणि बाकी कशात बोलत न्हाईत. मागं आई, मी आणि संतू.

ठिकाण होतं राजूरच्या पुढं, भोकरदनच्या रस्त्याला. वनविभागाचं छोटंसं उद्यान – चार सिमेंटची बाकडी, एक बंद पडलेलं कारंजं आणि मागं पळसाचं रान. फाटक एकच, तिथं वही घेऊन बसलेला चौकीदार. मुलीकडचे भोकरदनहून येणार होते. मुलगी मनीषा, तिथल्या शाळेत शिकवते. वडील एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सोबत तिची आई, आणि गाडी चालवायला मामा.

त्यांची गाडी आली. ते उतरून आमच्याकडं यायला लागले, आणि त्यांच्यासंगं एक आजोबा. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी, आणि त्या उन्हात अंगात काळा कोट. मी पटकन पुढं होऊन पाया पडले. आईनं डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात कंडक्टर काकाही वाकले, त्यांची बायको वाकली. मी मनात म्हटलं, काय संस्कार आहेत बघा, घरच्या म्हाताऱ्याच्या चारचौघांत पाया पडतात! आजोबा मधल्या बाकावर बसले. मानाची जागा, कुणी दाखवावी लागली न्हाई.

मुलीच्या आईनं धपाटे आणि दही आणलं होतं. आजोबांनी पाच धपाटे खाल्ले. पाच! "दही हाय का अजून?" असं दोनदा विचारलं. जे लोक म्हणतात की असली माणसं काही खात-पीत न्हाईत, त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

संतू आणि मनीषाला दहा मिनिटं बोलायला पळसाकडं पाठवलं. आली चाळीस मिनिटांनी. ती हसत होती, याचे कान लाल. "काय बोललास रे?" मी कानात विचारलं. "काही न्हाई, झाडांची नावं सांगितली," म्हणाला. गाढव कुठला! तरी मला वाटलं, जमलं गं बाई. चौकीदाराकडून सगळ्यांचा एक फोटो काढून घेतला आणि निघालो.

निघताना नेहमीची गडबड – या हो आमच्याकडं, न्हाई आधी तुम्ही या. गाड्या कारंज्याच्या दोन बाजूंना. मी वळून बघते तर आजोबा आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले, काठी दोन गुडघ्यांच्या मधे.

"मी यांच्यासंगं येतो," म्हणाले. "चला जल्दी, ऊन उतरायच्या आत."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. घर बघायला पाठवला म्हातारा! मुलीकडच्यांनी माणूस पाठवलाय, हा आता घर बघणार, कंपनी विचारणार, उद्या गेटवर जाऊन सुपरवायझर शोधणार... मला एसीत घाम फुटला.

राजूर मागं पडलं तसं आजोबांनी मान न वळवता विचारलं, "का रे संतू, ताण कधी तोडलास?"

मोसंबीला बहार धरायचा म्हणजे आधी झाडाचं पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. मंग पाणी सोडून तो तोडायचा. हे कंपनीतल्या सुपरवायझरला कुणी विचारत न्हाई. आणि संतू हे नाव तिथं आमच्यापैकी कुणी घेतलेलं न्हवतं, सगळा वेळ "संतोषराव, संतोषराव" चाललं होतं. मी त्याला कोपरानं ढोसलं. पण बागेचं नाव काढलं की हा माणूस शुद्धीत असतोय का?

"जानेवारी लागताच तोडला, आजोबा. यंदा फूल असं आलंय म्हणता! फक्त विहिरीकडची एक ओळ रुसली."

"तिला पाणी जास्त होऊन राह्यलंय. कमी कर."

"मला पण तेच वाटून राह्यलं होतं!"

झालं. सगळं गेलं. मला राहवेना. मी पुढं वाकून भडाभडा बोलून टाकलं. "आजोबा, चूक माझी आहे. नोकरी त्यानं केव्हाच सोडली. बायोडाटा मी लिहिला. तो न्हाई म्हणत होता. तुम्ही मला काय वाट्टेल ते बोला, पण त्याला खोटारडा म्हणू नका." बोलता बोलता मी चक्क रडायला लागले. आई मला थोपटत होती आणि स्वतःही रडत होती. हे गाडी चालवत होते.

आजोबा एवढंच म्हणाले, "बराबर हाय." रागाची बात न्हाई, समजुतीची न्हाई.

जुना जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. मी म्हटलं, घरी चला, चहा तरी घ्या. म्हणाले, "आज न्हाई. घर बघितलं तुमचं." आणि धान्याच्या दुकानांच्या बाजूला चालायला लागले. घड्याळात साडेपाच झाले होते. मी बघितलं, कारण सहाला मला दुकान उघडायचं होतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन न्हाई. आई गावाहून दिवसातून चारदा विचारायची. बुधवारी मी ठरवलं, नकार तर येणारच, निदान माफी मागावी. फोन लावला.

"काका, संतोषची ताई बोलते. तुम्हाला आजोबांनी सगळं सांगितलंच असेल..."

"ताई, मीच फोन करणार होतो," कंडक्टर काकांचा आवाज पार खाली गेलेला. "पण कोणत्या तोंडानं करू? आजोबांपाशी आम्ही काहीच लपवलं न्हाई."

"आम्ही पण न्हाई हो लपवलं. मोसंबीचं सगळं सांगितलं."

"कोणती मोसंबी?"

"म्हणजे? आजोबा बोलले न्हाईत?"

"आजोबा तुम्हाला बोलले असतील ना! साखरपुड्याचं."

"कोणता साखरपुडा?"

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. चालू होता.

मंग एकेक गाठ सुटत गेली. मनीषाचा दोन वर्षांपूर्वी साखरपुडा मोडलेला. तो यांनी आमच्यापासून लपवला होता. रविवारी आमचे आजोबा – म्हणजे त्यांना वाटलेले आमचे – त्यांच्या गाडीत पुढं जाऊन बसले, "मी यांच्यासंगं येतो" म्हणाले. यांना वाटलं, मुलाकडच्यांनी घर बघायला म्हातारा पाठवला! वाटेत मनीषाच्या आईला राहवेना, तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. म्हातारा म्हणाला, "बराबर हाय." भोकरदनला बसस्टँडजवळ उतरला.

"किती वाजता?" मी विचारलं.

"साडेपाच. मामाला सहाची तालीम होती भजनाची, म्हणून ध्यानात आहे."

"काका, साडेपाचला ते जालन्यात आमच्या गाडीतून उतरले."

"ताई," काकांचा आवाज एकदम कडक झाला, "माझा जन्म एसटीत माणसं मोजण्यात गेला. एक सीट इकडची तिकडं झालेली न्हाई. गाडीत आम्ही पाच होतो. मागं तिघं, मामा स्टिअरिंगला, शेजारी म्हातारा. पाच म्हणजे पाच!"

आता तुम्ही म्हणाल, फोटोत आजोबा दिसत नसतील. दिसतात. टोपीसकट, कोटासकट, मिशीला लागलेल्या दह्यासकट! तो फोटो आम्ही दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांना पाठवला. आमच्याकडचे म्हणाले, नाक तर त्यांच्याकडचं वाटतंय. त्यांच्याकडचे म्हणाले, कान तुमचे आहेत. मी ह्यांना घेऊन मुद्दाम उद्यानात गेले. चौकीदाराच्या वहीत त्या दिवशी दोन गाड्या, आठ जण. "अहो, फोटो तुम्हीच काढलात, त्यात नऊ आहेत," मी म्हटलं. त्यानं फोटो बघितला, वही बघितली, आणि मलाच विचारलं, "मॅडम, हे आत कुठून आले?"

हे पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "जुळे भाऊ असतील." मी म्हटलं, चला घरी.

लग्न मात्र झालं. आता दोन्हीकडं झाकायला काही उरलंच न्हवतं, तर अडणार कुठं? लग्नात एक भांडण झालं तेवढं. त्या आजोबांच्या नावानं टॉवेल-टोपीचा मान ठेवायचा ठरला, आणि काका म्हणाले आम्ही ठेवणार, ते आमच्या गाडीतून भोकरदनला आले. आई म्हणाली, वा रे वा, आमच्या गाडीतून जालन्याला आले त्याचं काय! तीन महिन्यांपूर्वी दोघंही "तुमचे, तुमचे" म्हणत होते. शेवटी दोन टॉवेल, दोन टोप्या ठेवल्या.

परवा मनीषा दुकानात आली होती. बोलता बोलता म्हणाली, "ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पळसाखाली ह्यांनी मला बागेचं खरं सांगितलं आणि मी ह्यांना साखरपुड्याचं. आणि आमचं ठरलं होतं – घरच्या मोठ्यांनी आपणहून कबूल केलं तरच पुढं जायचं. नसता आठ दिवसांनी दोघांनीही नकार द्यायचा."

माझ्या हातातलं बिल तसंच राहिलं. ती हसली. "पण तुम्ही काय, सांगितलंच असतं म्हणा."

"मंग! सांगितलंच असतं," मी म्हणाले.

खोटं बोलले. मी स्वतःला ओळखते. ते आजोबा गाडीत बसले नसते तर मी लग्न लागेपर्यंत गप बसले असते, आणि संतूचं आज काय झालं असतं ते मला बोलवत न्हाई. ते कोण होते, एकाच वेळी जालन्यात आणि भोकरदनला कसे उतरले, हे मला अजून कळलेलं न्हाई. कुणाला कळलं तर सांगा. मनीषा हे सदर नेमानं वाचते, आणि हेही वाचेल. वाचू दे.