केबल बरणीत घातलीस का?

मी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पुरावा दाखवा, मग बोला — यावरच आमचं पोट चालतं. त्यामुळे असल्या गोष्टींची मी आजवर टिंगलच केली. आता माझी करा... पण आधी पूर्ण वाचा.

चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरात वरच्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर. गच्चीवर माझ्या हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलतात त्या बिनतारी सेटचा, अँटेना, त्याची केबल खिडकीतून बेडरूममधल्या सेटला. सेटच्या टेबलाला चिकटूनच पलंग, कारण दुसरी खोलीच नाही.

हा नाद लावला रावसरांनी. तंजावरकडचे मराठी, चेन्नईतच नुंगंबाक्कमला राहणारे निवृत्त शिक्षक. रोज संध्याकाळी रेडिओवर आमच्या गप्पा व्हायच्या. त्यांचा एक नियम होता. बोलणं संपलं की सेटची केबल काढायची आणि तिचं टोक काचेच्या बरणीत सोडायचं, म्हणजे वीज पडलीच तर सेटपर्यंत येत नाही. निरोप घेताना दोनदा खोकून, तमिळमधलं 'सरि', म्हणजे 'बरं', म्हणत विचारायचे, "सरि... केबल बरणींत घातलीस का रे?" मी 'हो' म्हटल्याशिवाय जायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

मग मी शहाणा झालो. गच्चीवर वीज जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर बसवला, अर्थिंग केलं, भारीतला सर्ज प्रोटेक्टर आणला आणि केबल काढायचं सोडून दिलं. बरणी टेबलाखाली धूळ खात पडली. लग्नानंतर अश्विनीने विचारलं, तेव्हा तिला सरांचा नियम मी हसत हसत सांगितला. त्या हसण्याची आज लाज वाटते.

गेल्या ऑक्टोबरातली दुपार. अश्विनीला सातवा महिना, आणि दुपारी ती त्याच पलंगावर झोपायची. मी पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये होतो. आवडीच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट झालेलं, मग विजा सुरू झाल्या. केबल सेटलाच आहे हे आठवलं. फोन लागेना.

घरी पोचलो तर अश्विनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, घाबरलेली पण धड. बेडरूमच्या भिंतीवर खिडकीपासून खाली काळा पट्टा. केबलचं टोक जळालेलं, बरणी फुटून तिच्या काचा उशीवर. सेटला मात्र काहीच झालं नव्हतं.

"केबल तू काढलीस?"

"मग काय. तुझे ते रेडिओवाले आजोबा सारखे विचारत होते ना. तेव्हा गडगडतही नव्हतं, मी नुकती आडवी झाले होते."

"कोण आजोबा?"

"मला काय माहीत? आधी दोनदा खोकले. मग म्हणाले, सरि, केबल बरणींत घातलीस का रे. असं तीनदा. म्हटलं, घालून टाकू एकदाची. मग झोप उडाली म्हणून चहा टाकायला इकडे आले, आणि..."

नियम मी सांगितला होता. खोकला, ते 'सरि' — कधीच नाही. आणि सेटला वीज देणारा पॉवर सप्लाय बिघडला होता म्हणून मी सकाळीच कारखान्यात नेला होता. अश्विनी हे सांगत होती तेव्हा तो माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, आणि ते माझ्या अरेस्टरमुळे नाही. आता नवी बरणी आणलीय, केबल कायम तिच्यातच असते. पॉवर सप्लाय कपाटात बंद.

परवा दुपारी लख्ख ऊन होतं. मुलगी टेबलाशेजारी पाळण्यात, मी लंगोटांच्या घड्या करत होतो. सेटमधून कुणी दोनदा खोकलं. मग तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी वाकून पाहिलं. केबल बरणीतच होती.

"घातली, सर," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं.

पाळणा तेव्हापासून स्वयंपाकघरात आहे. माझं अजून काय काढायचं राहिलंय, कुणाला कळलं तर सांगा... मला कळलेलं नाही.